सात मापटी

आमच्या आप्पांची मोटरसायकल कांदा साठवायच्या चाळीच्या टोकाला सत्तावीस वर्षं उभी होती. ती बंद का पडली याचं कारण घरात सगळ्यांना पाठ होतं: सोनईच्या मिस्त्रीने पिस्टन टाईट बसवला, आणि इंजिन जाम झालं. खरं कारण फक्त मला ठाऊक होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. मिस्त्री त्यांचे पंधरा वर्षांचे दोस्त. ती दोस्ती आप्पांनी माझ्या शब्दावर तोडली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आज शेहेचाळीस वर्षांचा आहे, आणि मधल्या काळात तो शब्द मागे घ्यायला मला एकदाही सवड झाली नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी गाडी बाहेर काढायचं ठरवलं, तेही पश्चात्ताप वगैरे होऊन नव्हे. पुण्यातल्या ज्या कॉलेजात मी यंत्रशास्त्र शिकवतो, तिथल्या एका सहकाऱ्याने आजोबांची जुनी गाडी चकाचक करून आणली. आठवडाभर स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. मला हेवा वाटला. "आमच्याकडेही आहे तसलीच," असं मी बोलून गेलो, आणि मग ती दाखवणं भाग पडलं. सुट्टीत गावी आलो, चाळीतली ताडपत्री ओढली, फोटो काढला आणि स्टाफच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, वडिलांची आठवण पुन्हा जिवंत करतोय. धडाधड बदाम आले. वडील तिथेच, काठी टेकवत, माझ्या मागे उभे होते.

गाडीची अवस्था बघण्यासारखी होती. सीटच्या फोममध्ये उंदरांनी संसार थाटला होता. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. टायर रिमवर बसून चिरलेले, आणि सगळ्यावर कांद्याच्या पातळ सालीचा थर. मी किकवर पाय ठेवून वजन टाकलं. किक दगडासारखी. मला ते अपेक्षितच होतं.

आप्पांनी टाकीवरून हात फिरवला. ते एकोणऐंशीचे आहेत, कान जवळपास गेलेत, पण नजर शाबूत. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात त्यांनी नोकरी केली. उसाच्या नोंदी घेत याच गाडीवर ते तीस गावं फिरले.

"कुनाकडं नेनार?" त्यांनी विचारलं.

"नगरला एक जण आहे. जुन्या गाड्यांचंच काम करतो."

"ने. पन सोनईला न्यायची न्हाई."

सत्तावीस वर्षांनी त्यांच्या मनात आधी तेच आलं. मी मान डोलावली. खोटं बोलायचं नसेल तेव्हा मान डोलावणं मला फार सोपं जातं.

नगरच्या पोराने रंग, क्रोम, सीट, सगळं करतो म्हणून सांगितलं. इंजिनाला मात्र त्याने हात जोडले. "हे टू-स्ट्रोक, पॉइंटचं इंजिन. आम्ही इंजिनं बाहेर देतो, सर. आणि तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात? ह्या इंजिनाचा माणूस तुमच्या सोनईलाच आहे." त्याने नाव सांगितलं. मी पुण्याला फोन लावून पाहिला, पण तिथल्या माणसाने दिवाळीनंतरची तारीख दिली. ग्रुपवर तर लोक रोज विचारत होते, कुठवर आलं? तेव्हा मिस्त्रीच्या दारात मी गेलो तो असा, दुसरा इलाज उरला नाही म्हणून. यात माझा मोठेपणा शोधायला जाऊ नये.

आता ते सत्तावीस वर्षांपूर्वीचं सांगतो.

मी नगरला डिप्लोमा करत होतो, मेकॅनिकलचा. आप्पांना त्याचा केवढा अभिमान! शेतात पंप बंद पडला तरी म्हणायचे, थांबा, पोरगं येऊ द्या. पोराला तेव्हा पान्याचे नंबर धड माहीत नव्हते. महिनाभर माझी एसटी सकाळी वेळेवर येईना म्हणून आप्पांनी मला गाडी दिली. देण्याआधी मिस्त्रीकडून सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन टाकून घेतला.

या गाडीत पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागतं. इंजिनाच्या आतल्या भागांना मिळतं ते तेवढंच वंगण. टाकीच्या झाकणाला आतून एक छोटं मापटं असायचं. लिटरला एक मापटं, हा हिशेब. मिस्त्रीने गाडी ताब्यात देताना मला बजावलं होतं, "पिस्टन नवा हाय, बाळा. पाच लिटरला पाच न्हाई, सात मापटी टाकायची. आन चाळीसच्या वर पळवायची न्हाई." मी त्यांना चाचा म्हणायचो. लहानपणी त्यांच्या गॅरेजमध्ये बॉलबेअरिंगच्या गोळ्यांनी खेळलो होतो. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला आमच्याकडून फराळाचा जायचा.

आता सात मापटी ऑईल म्हणजे धूर आला. निळा, दाट, वास मारणारा. कॉलेजच्या फाटकातून मी आत शिरलो की पोरं नाकाला रुमाल लावायची. "आली रे, डास मारायची गाडी आली!" पोरी हसायच्या. त्यातल्या एकीचं हसणं मला जरा जास्त लागायचं. दुसऱ्या पोरांकडे नव्या फोर-स्ट्रोक गाड्या होत्या, बिनधुराच्या, मऊ आवाजाच्या. मी तीन दिवस सहन केलं. चौथ्या दिवशी घोडेगावच्या पंपावर पाच लिटर पेट्रोल भरलं आणि मापटं हातात घेऊन उभा राहिलो. टाकीत आधीचं थोडं मिसळलेलं आहे, आजच्यापुरतं चालून जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. मेकॅनिकलचा विद्यार्थी होतो ना. झाकण लावलं.

पांढरीच्या पुलावर वर्गातला एक जण भेटला, त्याची नवी गाडी घेऊन. आम्ही भेळ खाल्ली. तिथून नगरकडे इमामपूरचा घाट चढायचा असतो. कोण आधी वर पोहोचतो बघू, असं कोण म्हणालं ते आता आठवत नाही. मीच असेन. धूर अजिबात नव्हता. आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता, आणि मला एवढा आनंद झाला होता की मी मूठ पिळतच गेलो. घाटाच्या मध्यावर इंजिन एकदा किंचाळलं आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं. मी पडता पडता वाचलो. तापलेल्या लोखंडाचा वास आला. किक जागची हलेना.

टेम्पोत घालून गाडी थेट सोनईला मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आणली. एसटी स्टँडच्या समोर, चहाच्या हॉटेलाला लागून ते गॅरेज होतं. निरोप मिळून आप्पाही तिथे येऊन थांबले होते. संध्याकाळची वेळ, कारखान्यातली माणसं चहाला जमलेली. आप्पांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच.

"ऑईल टाकलं हुतंस का?"

"हो."

"किती?"

"सात मापटी. मोजून."

मिस्त्री गाडीपाशी बसले होते. ते म्हणाले, "आप्पा, उघडून बघू. कळंल काय झालंय ते." आणि त्यांनी पाना उचलला. तो पाना बघून मी घाबरलो. उघडलं तर दिसणार. मग मी जे बोललो ते माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं, की आजही ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. "आप्पा, यांनी पिस्टनच टाईट बसवलाय. क्लिअरन्स कमी ठेवलाय. मला परवापासूनच आवाज येत होता."

क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट, हा शब्द मी त्याच महिन्यात शिकलो होतो. चौथी शिकलेल्या माणसावर मी तो टाकला.

आप्पा भडकले. सगळ्यांच्या समोर ते मिस्त्रीला नको नको ते बोलले. पोरगं मेलं असतं घाटात, म्हणाले. उघडून आणखी वाट लावायचीय का, म्हणाले. मिस्त्रीच्या हातात पाना तसाच होता. शेवटी आप्पा म्हणाले, "तुझा हात आता माझ्या गाडीला लागायचा न्हाई." त्याच टेम्पोत गाडी घरी आली आणि चाळीत उभी राहिली. दुसऱ्या कुणाकडे आप्पांनी ती नेली नाही. या इंजिनातलं दुसऱ्या कुणाला कळतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. कारखान्यातल्या माणसांनीही मग हळूहळू मिस्त्रीकडे गाड्या नेणं बंद केलं. त्या दिवाळीला फराळाचा डबा गेला नाही. आईने एकदा विचारलं, मी अभ्यासाचं पुस्तक तोंडासमोर धरलं.

आणि याच माणसाने, म्हणजे मी, पुढे वीस वर्षं पोरांना वंगण हा धडा शिकवला. मी वर्गात जाम झालेल्या पिस्टनचं चित्र दाखवतो आणि म्हणतो, असली चूक फक्त गाढव करतं. पोरं हसतात. मीही हसतो. हे लिहिताना माझे कान गरम झालेत.

मिस्त्री आता सत्तरीला टेकलेत. गॅरेज तिथेच, अर्ध्या जागेत. टू-स्ट्रोक गाड्या गेल्या, पण फवारणीच्या पंपाला अजून तेच छोटं इंजिन असतं, आणि ते पेट्रोलमध्ये ऑईल मिसळूनच चालतं. मी गेलो तेव्हा ते एका शेतकऱ्याला सांगत होते, "ऑईल इसरायचं न्हाई, दादा. कितीबी घाई असंल." मी दारात तसाच उभा राहिलो. त्यांनी मला ओळखलं, पण उठले नाहीत.

"या," म्हणाले. "तुमी पुण्याला असता म्हनं."

लहानपणी ते मला अरे म्हणायचे. मी गाडीचं सांगितलं. ते नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे तीच आशा होती. पण त्यांनी हातातला पंप खाली ठेवला. "इंजिन कुनी उघडलंय का मदी?"

"नाही. कुणीच नाही."

"मग आना. मी उघडतो. पन उघडताना तुमी हितं पायजे."

गाडी पिकअपमधून आणून टाकली. आप्पांना सांगितलं, नगरला गेली. मिस्त्रीने प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑईल ओतलं आणि पाच दिवस तसंच ठेवलं. त्या पाच दिवसांत मी बोलू शकलो असतो. रोज ठरवायचो आणि रोज संध्याकाळी फोनमध्ये गंजाबद्दल वाचत बसायचो. एवढ्या वर्षांच्या गंजाने जुने ओरखडे पुसले जातात का, हे शोधत होतो. शेहेचाळीस वर्षांचा प्राध्यापक, आणि गंजाकडे दयेची भीक मागत होता.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी हेड काढलं. लाकडाचा ठोकळा लावून हलक्या हाताने ठोकत ठोकत सिलिंडर वर घेतला. पिस्टन पेट्रोलमध्ये धुतला आणि दाराशी उन्हात नेऊन फिरवून फिरवून पाहिला. मी त्यांच्या मागे उभा होतो.

"टाईट बसला आसता ना, तर चार जागी धरला आसता," ते म्हणाले. "ह्यो बगा. चहूअंगानं वरखडलाय. आन ही पिन. निळी पडलीया. लई तापलं हुतं हे. हिला तेलाचा थेंब मिळाला न्हाई."

त्यांनी सिलिंडर उचलला, खालच्या कडेला आत बोट घातलं. "हितं पिस्टनची रिंग कदीच पोचत न्हाई. ह्या रेघा माज्या हातच्या हायेत, बोअर घासताना पडल्याल्या. अजून तशाच." मग त्यांनी सिलिंडर मोजायचं जुनं माप काढलं, पेटीच्या तळातून, फडक्यात गुंडाळलेलं. आत धरून एकदा मोजलं, पुसून पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. आणि खोक्यावर बसले. "बरोबर हाय माझं काम."

मला वाटत होतं की त्यांना पहिल्यापासून ठाऊक असेल. मनात मी तसंच धरून चाललो होतो. त्यांना माहीत आहे, राग आहे, पण निदान स्वतःबद्दल तरी खात्री आहे. त्यावर मी इतकी वर्षं निवांत झोपलो. तसं नव्हतं.

"मला वाटलं माजाच हात चुकला," ते म्हणाले. "शिकल्यालं पोरगं म्हनतंय क्लिअरन्स कमी हाय, म्हंजी आसंल. तवापासून पिस्टन बसवायला हात धजंना. बोअरचं काम आलं की नगरला लावून द्यायचो. मानसं म्हनायची, मिस्त्री भ्याला. भ्यालोच हुतो."

"चाचा," मी म्हणालो. "मी ऑईल टाकलं नव्हतं."

"एक बी मापटं न्हाई?"

"एकही नाही."

"का?"

"धूर यायचा. पोरं हसायची."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "धूर," ते म्हणाले. तेवढंच. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. हे म्हणायची पद्धत म्हणून लिहीत नाही, मी खरोखर खाली जमिनीकडे बघत होतो. तिथे सांडलेल्या डिझेलचा डाग होता.

मग ते रागावले. आवाज चढला नाही, पण तुमी सुटलं. "त्या दिवशी आप्पा बोलत हुता ना, तवा मी आप्पाकडं बघतच न्हवतो. मी तुझ्या तोंडाकडं बघत हुतो. म्हटलं आत्ता बोलंल. मग बोलंल. टेम्पोत गाडी चढवूस्तवर बघत हुतो."

ते मला आठवतं. ते माझ्याकडे बघत होते आणि मी टेम्पोच्या दोऱ्या आवळत होतो.

मी गाडी घेऊन जायला निघालो तर त्यांनी अडवलं. "गाडी मी चालू करनार. ती माजी हाय आता, काम पुरं हुईस्तवर. पन आप्पाच्या दारात मीच घिऊन येनार. त्या दिवशी त्याला सांगायचं. माज्यासमूर. तू सांगायचं, मी न्हाई."

पुढचे तीन आठवडे ते त्या गाडीत बुडून गेले. बोअर या वेळी त्यांनी नगरला लावून दिला नाही. ओळखीच्या लेथवाल्याकडे स्वतः उभे राहून करून घेतला, पिस्टन स्वतः बसवला. टाकीत मूठभर नट टाकून ती पोत्यात गुंडाळून घुसळली, तेव्हा आतून तांबडी माती निघाली. ठिणगीचे पॉइंट घासले, वायरी बदलल्या, नवे टायर चढवले, सीट शिवून आणली, कार्ब्युरेटरच्या भोकातून तांब्याची तार फिरवली. मी सुट्टी वाढवून घेतली होती आणि रोज जाऊन बसत होतो, ते सांगतील ते पुसत होतो. ऑईलचा डबा मात्र त्यांनी माझ्या हातात दिला नाही. मीही मागितला नाही. ग्रुपवर फोटो टाकणं मी बंद केलं होतं. विचारणाऱ्यांना लिहिलं, काम चालू आहे.

ठरलेल्या दिवशी मी घरी थांबलो. सकाळचे दहा वाजले असतील. शेजारी चुलत्यांच्या घरापुढे बाजेवर साडी अंथरून बायका कुरडया घालत होत्या. आप्पा आत पेपर वाचत बसले होते, कानातलं मशीन नेहमीप्रमाणे टेबलावर. आणि लांबून तो आवाज आला. आमच्या बांधाच्या वळणावर गिअर उतरवताना ती गाडी एक विशिष्ट खोकला देते. मशीन नसलेल्या कानांनी आप्पांनी तो ऐकला. पेपर खाली पडला. काठी न घेता ते ओट्यावर आले.

अंगणात गाडी थांबली. निळ्या टाकीवर ऊन होतं. आप्पांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आजचा दिवस जाऊ द्यावा, उद्या सांगू. मग त्यांनी गाडीवर कोण बसलंय ते पाहिलं.

"ह्याला कुनी हात लावू दिला?"

मिस्त्रीने इंजिन बंद केलं नाही. पाय टेकवून ते बसून राहिले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसंच पाहिलं. पुन्हा.

"आप्पा, आधी बसा. चहा सांगतो," मी म्हणालो. होय, हेच म्हणालो. सत्तावीस वर्षांनंतर, तीन आठवडे तयारी करून, माझ्या तोंडून चहा निघाला. मिस्त्रीने मान फिरवली, क्लच दाबला. ते गाडी वळवायला लागले.

"मी ऑईल टाकलं नव्हतं," मी म्हणालो.

"काय?" आप्पा.

"घाटात गाडी जाम झाली तेव्हा. ऑईल मी टाकलं नव्हतं."

"मोठ्यानं बोल."

इंजिन धडधडत होतं. मला ओरडावं लागलं. "ऑईल टाकलं नव्हतं, आप्पा! पिस्टन बरोबर होता! चाचांची चूक नव्हती! मी खोटं बोललो!"

कुरडयांचा साचा थांबला. चुलती उभी राहिली. सगळ्या वस्तीला ऐकू गेलं असणार. त्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने ओरडल्याशिवाय आप्पांपर्यंत ते पोहोचलंच नसतं. माझा आवाज फाटला. मला रडू येत होतं, आणि त्याचीही लाज वाटत होती.

आप्पा ओट्याच्या पायरीवर उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "सात मापटी म्हनला हुतास."

"हो."

"मोजून म्हनला हुतास."

मी मान डोलावली.

ते पायऱ्या उतरले. गाडीपाशी गेले. मिस्त्री उतरायला लागले तर आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बस तू. उतरू नको." तो हात तिथे राहिला. मिस्त्री समोर बघत होते.

मग आप्पांनी मागच्या सीटवर बसायला पाय उचलला. तो पुरेसा वर जाईना. दुसऱ्यांदाही गेला नाही. मी धावलो, एका हाताने गाडीचं मागचं हँडल धरलं आणि दुसरा हात त्यांच्या काखेत घालायला गेलो.

"सोड," ते म्हणाले. मी त्यांचा दंड सोडला. "गाडी सोड."

मी गाडीही सोडली. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तुझा हात आता माझ्या गाडीला लागायचा न्हाई."

शब्दाला शब्द तेच. त्यांना ते आठवत होते की राग आल्यावर त्यांच्या तोंडी तेच वाक्य येतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. ते वाक्य माझंच होतं, इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावावर पडून राहिलेलं.

मिस्त्रीने गाडी ओट्याच्या पायरीला लावली. पायरीवरून आप्पा कसेबसे मागे बसले आणि त्यांनी मिस्त्रीच्या शर्टाला धरलं. "चल," ते म्हणाले. "स्टँडवर. जितं तुला बोल्लो हुतो, तितंच ने मला. तितं च्या घिऊ."

गाडी फाटकाबाहेर पडली, पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने. नवा पिस्टन होता, म्हणजे पाच लिटरला सात मापटी. अंगणभर निळा धूर झाला. कुरडयांवर येईल म्हणून बायकांनी पटापट पदर धरले, आणि त्यांच्यात एक-दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी हात बाजूला सोडून उभा होतो. वळणावर तो खोकला ऐकू आला, मग आवाज गेला. धूर बराच वेळ होता.